मुगीनं पान्हा चोरला

— नाही, नाही, दुधाला काही तोटा नाही, पाशे. चहा कोरा आहे तो मी मुद्दाम केला. हो, मीच केला. त्यात एवढं बघायचं काय? पाणी उकळतं, पत्ती टाकायची, साखर टाकायची — साखर बहुतेक विसरलो — पी, कोऱ्या चहानं डोकं साफ राहतं. पाहुण्याला आधी दूध द्यायचं असतं, हे तू मला शिकवू नकोस. तुझ्या बापाला याच दारात दूध पाजलंय. तुलाही पाजलंय, तुझी दाढ ठणकत होती तेव्हा कोमट करून पाजलंय — म्हणजे मी नाही, तिनं — ते जाऊ दे. आत भोपळ्याचा तुंबा दुधानं भरून ठेवलाय. पण बाईचा तुंबा पुरुषानं उघडायचा नसतो, आपली रीत आहे, आणि मी रीत मोडणारा माणूस नाही. म्हणून कोरा. बस ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हललाय. या चामड्यावर बस.

मेंढ्या बघायला आलास म्हणतोस. बघ. मेंढ्या तिकडे आहेत आणि तू तोंड इकडे करून बसलायस, पण असू दे. तुझ्या बहिणीनं पाठवलं नाही ना तुला? नाही? बरं. मी आपलं विचारलं. विचारलं म्हणजे — तूच सांगणार होतास, म्हणून तोंडातून आलं. सुखात असेल ती. भावाच्या घरी गेलेली बाई सुखातच असते, तिथं तिला कोण बोलणार? तिचा गुडघा — नाही, मी गुडघ्याचं विचारत नाही. थंडीत तो धरतो, त्याला मेंढीची चरबी लावून शेकावं लागतं, आणि चरबी उजव्या कोपऱ्यातल्या डब्यात आहे ती न्यायला ती विसरली, एवढंच म्हणतोय. जाताना घेऊन जा. मी दिली म्हणून सांगू नकोस. सापडली म्हण.

कुंपणाकडे काय बघतोस सारखा? काटे आहेत. तुझ्याकडे नसतात का?

हे घर असं दिसतंय म्हणून बघतोस का? भिंतीला भेगा पडल्यात, खरं आहे. शेण लिंपायचं राहिलं. शेण आहे की, ढीग पडलाय, गाय काही शेण द्यायची थांबत नाही. बघ, पाशे, मी विचार करत होतो — आता विचार करायला वेळ बराच मिळतो — आपल्याकडे गायीचं नाही असं आहे काय? ही भिंत शेणाची. तू बसलायस ते चामडं. माझा तपकिरीचा डबा शिंगाचा. तुंबा धुवायचा तो गोमूत्रानं, घासायचा तो शेपटीच्या केसांनी. आजारी माणसाला पाजायचं ते तिचंच रक्त, बाळंतिणीला तूप. आभाळातल्या एंगाईनं आपल्या मसाईंना गुरं दिली तेव्हा सगळं घरच दिलं, असं मी आयुष्यभर सांगत आलो. आता बघतो तर काय — शेण आहे, भिंत नाही. चामडं आहे, अंथरूण नाही. गाय आहे आणि —

दूध आहे. म्हटलं ना आहे म्हणून.

बरं, हसू नकोस. तुझा चेहरा सगळं सांगतोय. मेपुकोरी भेटला वाटेत. भेटला ना? त्याच्या जिभेला हाड नाही. एकाच सकाळी आमची सुंता झाली, तो माझ्या शेजारी उभा होता, तेव्हा सुरीला घाबरून त्याच्या पापण्या फडफडत होत्या, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगणार. तुला सांगितलं, म्हणजे सुरुवात झाली.

त्यानं तुला अर्धंच सांगितलं असणार. ऐक. बाभळीखाली आम्ही सगळे एका वयोगटातले म्हातारे बसलो होतो. दूध आलं. मेपुकोरी प्यायला, मिशी पुसली, म्हणाला, "नोंगिशूच्या हातचं दूध काय गोड लागतं, वाह." चारचौघांत. माझ्या बायकोची तारीफ, आणि ती मी ऐकून घ्यायची? मी म्हणालो — विनोद म्हणून म्हणालो, पाशे — मी म्हणालो, "तिच्या हाताचा काय संबंध? दूध गाय देते. बाई फक्त खाली तुंबा धरते." हसले की सगळे. मेपुकोरीला तर ठसका लागला. आणि मग एकेक जण हसायचा थांबला, कारण ती माझ्या मागेच उभी होती. दुसरा तुंबा घेऊन आली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाई ओरडली की पुरुषाला पण ओरडता येतं, हिशेब मिटतो. ही ओरडली नाही. पुढे आली, तुंबा माझ्या दोन्ही हातांत ठेवला, म्हणाली, "मग धर." आणि गेली. तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी, टेकडी उतरून तुझ्या घराकडे. आणि मी बसलो, सगळ्यांच्या मध्ये, मांडीवर तुंबा घेऊन, बाळ घेतल्यासारखा.

म्हटलं, येईल संध्याकाळी. मुगी गाय चरून परत यायची वेळ झाली की येईल. नाही आली. म्हटलं, ठीक. बाकीची गुरं लांब पाण्याकडे नेलीत, घरी दुभती एकटी मुगीच. एका गायीची धार काढायला काय लागतं? आयुष्यभर गुरांत राहिलोय. सिंहाला भाला मारलाय. आणि ही मुगी तर — तू मला पाशे का म्हणतोस, मी तुला पाशे का म्हणतो? तू दिलेल्या त्या एका कालवडीमुळे. त्या दिवसापासून आपली दोघांची नावं गेली आणि ‘पाशे’ हे कालवडीचं नाव लागलं. मुगी तिचीच लेक. म्हणजे तुमच्याच घरातली. वरून गरीब, आतून हट्टी. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

काय केलं म्हणून विचारू नकोस, सगळं बरोबरच केलं. वासरू सोडलं. वासरानं ढुशी मारली, मुगीनं पान्हा सोडला, वासराच्या तोंडाला फेस आला — म्हटलं, आता. वासराला ओढून बाजूला केलं, खाली बसलो, दोन सड माणसाचे, दोन वासराचे, रीतीप्रमाणे आपले दोन धरले. आणि काही नाही. थेंब नाही, पाशे. कास गच्च भरलेली, हाताला लागतेय, आणि सड कोरडे. वासराला लावलं की धार, माझा हात लागला की बंद. पान्हा चोरते. माझ्याकडे मान वळवून बघते आणि चोरते. आणि मी जरा जोर लावला तर — हा गुडघा बघ. तिचा एक दुखतो, आता माझाही एक दुखतो. डबा असू दे इथंच. नाही, घेऊन जा. अर्धी चरबी काढून ठेव.

शेजारणी? त्यांना मी सांगितलं नसतं तर बरं. मेपुकोरीच्या बायकोला म्हटलं, जरा धार काढून दे. ती म्हणाली, "भाऊजी, आम्हाला कुठं धार काढता येते? आम्ही फक्त तुंबा धरतो." दुसरीला विचारलं, तिनंही तेच. तिसरीनं तर विचारायच्या आधीच सांगितलं. सगळ्या वस्तीतल्या बायका एकजात तुंबा धरणाऱ्या झाल्यात. आणि दूध नसलेला मक्याच्या उगालीचा गोळा काय असतो, ते तुला सांगून कळायचं नाही. घशात बसतो आणि विचार करतो, खाली जाऊ की नको.

मग सिलांतोईला फोन लावला. पोरगी नारोकला दुकानात असते, तिला म्हटलं, शहरात लोक धार कशी काढतात? ती आधी खूप हसली. बापाला हसायची रीत तुमच्याच घरातून आली का तिच्याकडे? हसून झाल्यावर म्हणाली, तिनं कुणा जनावरांच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, दूध कासेत पाणी टाकीत असतं तसं नुसतं भरलेलं नसतं की तोटी सोडली आणि आलं. गाय चरते, पाणी पिते, बसून रवंथ करते, ते सगळं रक्तात जातं, त्या रक्तातून कास थेंब थेंब दूध करत राहते. इथवर ठीक, आपले म्हातारेही हेच सांगायचे. पण ते खाली उतरायला आधी गायीच्या डोक्यात काहीतरी सुटावं लागतं. ते रक्तातून कासेपर्यंत येतं, मग धार. वासराचा वास आला तरी सुटतं. ओळखीच्या माणसाची चाहूल लागली तरी सुटतं. भ्याली, रागावली, की वाटेतच अडतं. मी म्हटलं, मग काय करू? म्हणाली, "बाबा, तिला आई वाटायला हवी." आणि पुन्हा हसली.

ती हसली ते हसली. माझ्या डोक्यात ते राहिलं.

पुढचं तुला मेपुकोरीनं सांगितलंय, त्यामुळे आता लपवून काय उपयोग. पण त्याच्या तोंडून ऐकलंस ते सगळं खोटं. खरं असं — नोंगिशूचं निळं वस्त्र खुंटीवर होतं. मी ते नुसतं खांद्यावर टाकलं. थंडी होती. बरं, डोक्यावरूनही घेतलं. आणि तिची ती मोठी मण्यांची माळ — चालताना होणारा माळेचा आवाज गाय ओळखते, त्याला मी काय करू? — तीही घातली. तिन्हीसांजेची वेळ. मुगीजवळ गेलो, तिची चाल चालत, छोटी छोटी पावलं टाकत. ओठ चावू नकोस, हसायचं तर सरळ हस. खाली बसलो. आणि मुगीनं निळ्या वस्त्राचा वास घेतला, पाशे, आणि मोठा उसासा टाकला. सड ओले झाले. एंगाईची शपथ, ओले झाले. मी हळूच गाणं सुरू केलं. ती म्हणते ते —

मुगे गं मुगे, सोड गं पान्हा,
बाळ तुझं दाराशी, सोड गं पान्हा,
म्हातारा घोरतोय, सोड गं पान्हा,
घोरणं थांबायच्या आत, सोड गं पान्हा —

हो, असंच आहे गाणं. म्हाताऱ्याबद्दलच आहे. एवढी वर्षं रोज पहाटे ती भिंतीच्या पलीकडे बसून माझ्याबद्दल गायीला सांगते. आणि मी घोरत नव्हतो. जागा असायचो. डोळे मिटून पडायचो, कारण डोळे उघडले तर उठावं लागतं, आणि उठलं की गाणं राहतं मधेच. मग तुंब्याच्या तळाला पहिली धार लागायची, तो पोकळ आवाज. मग भरत गेला की आवाज जाड होत जायचा. तेवढं ऐकून मग मी खोकायचो, म्हणजे तिला वाटायचं, आत्ता उठला. हे तिला सांगायचं नाही. समजलं? हे तू ऐकलंच नाहीस.

तर मी गातोय. पण माझा आवाज — हा आवाज बैलाला हाका मारून असा झालाय. दुसऱ्या ओळीला कुंपणापलीकडचा मेपुकोरीचा बैल डुरकला. मुगीनं कान उभारले. आणि त्याच वेळी तो स्वतः मेपुकोरी आला, बैलाला काय झालं बघायला. अंधार पडत आलेला. त्याला निळं वस्त्र दिसलं, माळ दिसली. नोंगिशू परत आली असं वाटलं त्याला. लांबूनच म्हणाला, "टाकवेन्या!"

आता भेटल्यावर बाईला नमस्कार म्हणून टाकवेन्या म्हटलं की बाई काय म्हणते? इको म्हणते. पुरुषाला कुणी टाकवेन्या म्हणत नाही, पुरुषाला सोपा म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी तिथं सरळ उभं राहून, "अरे, मी आहे," म्हणू शकत होतो. पण सड ओले झाले होते, पाशे. धार आत्ता येणार होती. मी बोललो असतो तर मुगीला कळलं असतं.

मी म्हणालो, "इको."

बारीक आवाजात.

हस. हस पोटभर. तो तर खालीच बसला होता, त्याला उठता येईना. मुगीनं लाथ मारली, तुंबा गेला, माळ तुटली. मणी अजून सापडतायत. हे बघ, खिशात ठेवलेत. ओवून देणार होतो, पण सुईत दोरा जात नाही. तेव्हापासून या वस्तीतली कुठलीही बाई मला बघून सोपा म्हणत नाही. पाण्याला जाताना, लाकडं घेऊन येताना, मान खाली घालून — "टाकवेन्या, भाऊजी." मी काठी घेऊन सरळ चालत राहतो. उत्तर देत नाही. पुरुषानं उत्तर द्यायचं नसतं.

म्हणजे तुझ्या घरापर्यंतही गेलं असणार हे. गेलं? तिला — तिलाही? काय म्हणाली? हसली? किती हसली? नाही, म्हणजे, रागानं हसली की — बरं. बरं. बोलू नकोस.

तू मनात काय म्हणतोयस ते मला कळतं. जा म्हणतोयस तिच्याकडे. एक कालवड घे, मधाची दारू घे, ये माझ्या दारात, चारचौघांसमोर शब्द मागे घे, बहिणीला पाठवतो. रीत आहे, मान्य. दुसऱ्या कुणाला मीच हा सल्ला दिला असता. दिलाय पण, पुष्कळांना. पण मी येणार नाही. या वयात टेकडी उतरून, आणि वर चढून येताना सगळे बघणार, म्हातारा बायकोला आणायला गेला. नाही. तिला यायचं तर वाट माहीत आहे. मला कोरा चहा आवडायला लागलाय.

मुगीची काळजी वाटते, तेवढंच. माझी नाही. वासरू आता गवताला लागलंय, ते एकटं किती पिणार? गायीचं एक आहे, पाशे, जेवढं काढावं तेवढं ती बनवते. रोज कुणी आलं, हात लावला, मागितलं, की तिला वाटतं, हवंय यांना, करू आणखी. मागायचं बंद केलं की तिच्या अंगाला कळतं. आज थोडं कमी, उद्या आणखी कमी. कास सैल पडत जाते. आणि एक दिवस आटते. मग कितीही गा, कितीही वासरू लाव. पुढच्या वेतापर्यंत काही नाही. काल बघितलं, कास खाली आलीय. फार नाही. पण आलीय. ती आटली तर तो दोष कुणाचा? गायीचा नाही. वासराचा नाही. मी — मागायला गेलो ना मी, रोज गेलो. हात धुऊन गेलो. पण कुणाकडे मागायचं ते —

पाय मागे घे. वस्तीची गुरं येतायत. धूळ बसेल तुझ्या चहात, नाहीतरी तू पीत नाहीयेस. ती बघ मुगी. पोट भरलंय तिचं, आज चांगली चरली. वासरू मी मुद्दाम आत बांधलंय, लांब, म्हटलं, तू आलायस तर एकदा बघ तुझ्या डोळ्यांनी, कशी चोरते ते. तूच काढ म्हटलं असतं, तू तिच्या घरचा —

थांब.

तिचे कान बघ. वासराकडे नाहीत. कुंपणाकडे आहेत. तू बघत होतास त्याच बाजूला.

पाशे, तिच्या सडाखाली काय आहे ते? जमीन ओली झालीय. थेंब — बघ, परत. हात लावलेला नाही कुणी. वासरू आत आहे. मी इथं बसलोय, तू इथं बसलायस. आणि गळतंय. दोन्ही बाजूंनी गळतंय. ही गाय माझ्यासाठी थेंब देत नाही आणि आता मातीला पाजतेय, याचा अर्थ —

मेंढ्या बघायला आलास काय? मेंढ्या! आल्यापासून तू कुंपणाला तोंड करून बसलायस आणि मी मूर्खासारखा बोलतोय. मोठ्यानं बोलतोय. कधीपासून आहे ती तिथं? गाण्याच्या वेळी होती? घोरण्याचं — ते घोरण्याचं ऐकलं तिनं?

काय म्हणाली?

नाही, मला ऐकू आलं. तू सांगू नकोस. मला म्हणाली. काट्यांच्या आडून, मला, नवऱ्याला, म्हणाली — टाकवेन्या.

ऊठ, पाशे. काठी घे. चहा ओतून टाक तिथं. चरबीचा डबा असू दे जागेवर, तो आता इथंच लागेल. हसत हसत जा, लांबच्या वाटेनं जा, आणि मेपुकोरीच्या दारावरून जाऊ नकोस. दोन बाया बोलत असल्या की पुरुषानं मधे थांबायचं नसतं, एवढी रीत तुझ्या बापानं शिकवली असेल. जा म्हणतो ना.

— इको, सिलांतोईच्या आई. इको. ये आत, ती कधीची गळतेय. थांब, वाकू नकोस, गुडघा — तू फक्त बस तिच्यापाशी. तुंबा मी धरतो.